खाडा आणि रजा

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका हा घरकामगार स्त्रियांच्या इतिहासाचा मोठा दस्तऐवज आहे, आणि तो दर वर्षी डिसेंबरअखेर रद्दीत जातो. दुधाचा रतीब, गॅसची टाकी, पेपरवाल्याचे पैसे यांच्या जोडीला तिच्यावर बाईचे खाडे मांडलेले असतात. बाई आली नाही की तारखेवर फुली. महिना संपला की फुल्या मोजायच्या आणि तेवढे पैसे कापायचे. रायपूरच्या मराठी घरांत या फुल्यांची सर्वांत दाट रांग पोळ्याच्या अमावास्येपासून ऋषिपंचमीपर्यंत सापडते.

कारण साधे आहे. छत्तीसगडात पोळ्याला 'पोरा' म्हणतात आणि त्यानंतर तीन दिवसांनी येते ती 'तीजा'. भाद्रपद शुद्ध तृतीया, म्हणजे आपली हरतालिका. पण इथली तीजा सासरी करायची नसते. भाऊ किंवा बाप मुराळी होऊन येतो, लेकीला माहेरी नेतो. आदल्या रात्री कारल्याच्या भाजीशी भात खायचा, दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास, मग माहेरची नवी साडी नेसून उपास सोडायचा. साठीच्या बाईलाही तीजेला माहेर हवे असते. आईबाप नसले तर भावाने, भाऊ नसला तर भाच्याने बोलवावे अशी अपेक्षा असते. मराठी घरात मात्र हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी गणपती बसतात. मोदक, पाहुणे, भांड्यांचा ढीग. ज्या दिवशी घराला तिची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच दिवशी तिला आपल्या आईच्या घरी असण्याची गरज. दोघी बायका एकाच तिथीला, एकाच देवासाठी पाणीही न घेता राहतात. त्यांपैकी एकीच्या उपासाची दुसरीच्या भिंतीवर फुली होते.

मराठीत दूध आले नाही तर खाडा आणि बाई आली नाही तरी खाडाच. इकडे हिंदीत आणि छत्तीसगडीत त्याला 'नागा' म्हणतात. दोन्ही शब्द मालकाच्या बाजूने बोलतात: सलग चाललेल्या गोष्टीत पडलेला खंड. बँकेतला कारकून आला नाही तर त्याचा खाडा होत नाही, तो रजेवर असतो. खाडा मालक मोजतो. रजा कामगाराच्या खात्यावर जमा असते. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या घरकामाचा इतिहास मला या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास वाटतो. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे आणि तिच्या घरच्यांचे बरे चालले आहे की नाही, हे बघायचे तर पगाराच्या आकड्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. तिच्या घरातल्या सणाला, आजारपणाला, बाळंतपणाला तिला स्वतःच्या घरी राहता येते का, आणि राहिल्यावर तिचे काम टिकते का?

पुरानी बस्ती म्हणजे रायपूरचा जुना गाभा. महामायेचे देऊळ, जैतूसाव मठ, जवळच दूधाधारी मठ, एका अंगाला बूढातालाब, दुसरीकडे महाराजबंध. तळ्यांच्या काठाने वसलेल्या या भागात मोहल्ल्याला 'पारा' म्हणतात: ब्राह्मणपारा, कंकालीपारा, बूढापारा, तात्यापारा. या नावांत मराठी माणसाला ओळखीचे काहीतरी ऐकू येते, ते उगाच नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून या मुलखाचा कारभार केला. त्यांच्या मागोमाग कमाविसदार, कारकून, भिक्षुक, शिलेदार आले. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपूरला हलवले, तशी ही घरेही सरकली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पण घरे राहिली. पुढे त्यांत वकील, शिक्षक, रेल्वेतले बाबू यांची भर पडली. माझे घराणेही त्याच प्रवाहातले.

हे सांगायचे कारण असे की पुरानी बस्तीत बाहेरून पोटासाठी आलेले आधी आम्ही आहोत. फरक इतकाच की आम्ही सनद, नेमणूक, पगार घेऊन आलो, म्हणून आमच्या येण्याला कोणी स्थलांतर म्हटले नाही. आमच्या घरात भांडी घासायला आलेल्या बाईचे येणे मात्र स्थलांतर ठरले.

सुरुवातीच्या काळात या घरांत काम करणाऱ्या स्त्रिया बहुतेक इथल्याच होत्या, आणि त्यांचे काम जातीने ठरलेले होते. छत्तीसगडात राऊत म्हणजे गवळी समाज. पुरुष गुरे राखायचे, त्यांना पहटिया म्हणत. स्त्रिया, म्हणजे रउताइनी, घरोघर पाणी भरायच्या आणि भांडी घासायच्या. त्यांच्या हातचे पाणी वरच्या जातींना चालत असे, हेच त्या कामाचे मूळ. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही छत्तीसगडचा राऊत घरगुती नोकर म्हणून भेटतो. न्हावी, धोबी, लोहार, राऊत अशा सेवा देणाऱ्या घरांना इथे 'पौनी-पसारी' म्हणत. महाराष्ट्रातल्या बलुत्यासारखीच ही रचना. मोबदला धानाच्या रूपात, काठ्या-खंडीच्या मापाने, सुगी झाल्यावर. दिवाळीनंतर राऊत नाचत मालकाच्या दारी येत, तेव्हा कपडा आणि धान द्यायची रीत.

शेतावरच्या गड्याला 'कमिया' म्हणत. त्याचे वर्ष अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू व्हायचे. विदर्भातला सालगडी पाडव्याला धरतात तसेच. साल ठरले की त्या सालात गड्याचे अख्खे घरच ठरायचे. बायको शेण-झाड करणार, पोरगा गुरांमागे जाणार, हे वेगळे बोलावे लागत नसे.

या व्यवस्थेत खाडा नव्हता. रउताइन तीजेला माहेरी गेली की तिची सासू किंवा जाऊ घागर घेऊन यायची. काम एका बाईशी बांधलेले नव्हते, एका घराने दुसऱ्या घराशी बांधलेले होते. त्यामुळे कोण आले, कोण नाही, ही त्या घरातली आतली गोष्ट होती. धान वर्षाचे मिळायचे, त्यातून तीन दिवसांचे कापायचे कसे? तीजेचा दिवस मालकाच्याही पंचांगात होता आणि तिच्याही.

पण एवढ्यावरून त्या काळाला चांगले म्हणता येत नाही. ज्या गाठीमुळे रउताइनीला माहेरी जाता येत होते, त्याच गाठीमुळे तिला काम सोडता येत नव्हते. तिची मुलगी पाणीच भरणार होती. आणि ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्या सतनाम्यांना आणि गांडा समाजातल्या स्त्रियांना या घरांच्या उंबऱ्याच्या आतले कोणतेच काम मिळत नव्हते. छत्तीसगडीत 'दाई' म्हणजे आई. मराठी घरांतली मुले म्हाताऱ्या कामवालीला दाई म्हणत मोठी झाली. हाकेत माया होती, यात शंका नाही. पण त्या दाईचा पेला ओट्यावर नसे, बाहेर कोनाड्यात असे. दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी खऱ्या होत्या.

ही घडी मोडायला सुरुवात झाली ती पाण्यापासून. १८९२ साली खारून नदीवरून रायपूर शहराला नळाचे पाणी मिळू लागले. राजनांदगावचे राजे बलरामदास यांनी त्याला मोठी देणगी दिली होती, म्हणून त्या जलकेंद्राला त्यांचे नाव पडले. नळ सगळ्या घरांत एकदम आला नाही, त्याला पुढची कितीतरी वर्षे लागली. पण जिथे आला तिथे घागरीची किंमत उतरली. तळ्यावरून पाणी आणणे हे रउताइनीचे मुख्य काम होते, तेच गेले. नळाच्या पाण्याला जात विचारता येत नाही. उरली भांडी, झाडणे, पुसणे, धुणे. या कामांसाठी वर्षाच्या धानापेक्षा महिन्याचे पैसे सोयीचे पडू लागले.

त्याच सुमारास बाहेरचे हातही येऊ लागले. १८८०च्या दशकात नागपूरकडून आगगाडी छत्तीसगडात शिरली आणि बंगाल-नागपूर रेल्वेने रायपूर हे मोठे ठाणे केले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगडचे कंबरडे मोडले. एकाच पिकावर, धानावर, जगणारा हा मुलूख. पाऊस चुकला की दुसरे काही नाही. गावेच्या गावे निघाली. कोणी आसामच्या चहामळ्यांत गेले, पुढच्या काळात कोणी जमशेदपूर, खरगपूरला, कोणी नागपूरच्या गिरण्यांत. इथे त्याला 'कमाए-खाए बर जाना' म्हणतात, कमवायला-खायला जाणे. जे लांब जाऊ शकले नाहीत, विशेषतः ज्यांच्याबरोबर पुरुष नव्हता अशा बायका, त्या रायपूरपर्यंतच पोहोचल्या. तळ्यांच्या काठावर झोपड्या पडल्या. तळ्याकाठी अंघोळीची, कपड्यांची सोय होती आणि काम देणारी घरे चालत जाता येईल इतक्या अंतरावर होती.

पूर्वेकडून आलेल्यांची कथा याहून वेगळी आहे. खरियार जमीनदारी १९३६ पर्यंत रायपूर जिल्ह्यात होती. १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा प्रांत झाला आणि खरियार त्यात गेले. तिथला माणूस आहे त्याच जागी होता, सीमा त्याच्या डोक्यावरून गेली. तोवर रायपूर ते विजयनगरम हा लोहमार्गही पूर्ण झाला होता. खरियार रोड, कांटाबांजी, टिटलागड ही स्थानके त्याच मार्गावरची. पुढे १९६५-६६ च्या दुष्काळात आणि त्यानंतरही नुआपाडा, बलांगीर, कालाहांडीची कुटुंबे याच गाडीने रायपूरला उतरत राहिली. पुरुष रिक्षा ओढू लागले, बांधकामावर गेले. स्त्रिया घरकामाला लागल्या. त्यांचाही मोठा सण, नुआखाई, भाद्रपद शुद्ध पंचमीला येतो. नव्या धानाचा पहिला घास आपल्या गावच्या देवीला दाखवून घरच्या सगळ्यांनी मिळून खायचा. म्हणजे छत्तीसगडी बाई तृतीयेला माहेरी, ओडिया बाई पंचमीला गावी, आणि मधल्या चतुर्थीला आमच्याकडे गणपती. दिनदर्शिकेतली फुल्यांची रांग कशी तयार होते ते यावरून कळेल.

पैशाचा व्यवहार आला तशी कामाची फोड झाली. पूर्वी 'घराचे काम' असे एकच होते. आता झाडू-पोछ्याचा एक भाव, भांड्यांचा दुसरा, कपड्यांचा तिसरा, पोळ्यांचा चौथा. मराठीत 'मोलकरीण' हा शब्द आहे, मोल घेऊन काम करणारी. त्या शब्दाचा खरा अर्थ पुरानी बस्तीत विसाव्या शतकात उतरला. या फोडीबरोबर जातही वाटली गेली. १९३३ च्या नोव्हेंबरात गांधीजी हरिजन दौऱ्यावर रायपूरला आले, जैतूसाव मठातही गेले. अस्पृश्यतेविषयी बस्तीत उघड बोलणे तेव्हा झाले. स्वयंपाकघरात ते बोलणे फार सावकाश पोहोचले. झाडायला कोणीही चालेल, भांडी कोण घासते ते विचारायचे, पोळ्या लाटायला मात्र 'आपल्यातली' हवी, अशी उतरंड कितीतरी घरांत दीर्घकाळ टिकली. ज्या कामाला जास्त पैसे, ते काम जातीने राखीव. स्थलांतर करून आलेल्या स्त्रीला या उतरंडीत खालची पायरीच मिळाली.

याच रायपुरात माधवराव सप्रे राहत होते. मराठी घरातला हा माणूस हिंदी पत्रकारितेच्या पायाचा दगड झाला. १९०० साली पेंड्राहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढले. त्यातच १९०१ साली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट आली. तिला हिंदीतली पहिली कथा म्हणावे की नाही यावर हिंदीवाले अजून वाद घालतात. जमीनदाराला वाडा वाढवायचा असतो, म्हणून तो एका विधवेची झोपडी घेतो. तिची नात अन्न सोडून बसते. आपल्याच घरी जेवीन म्हणते. म्हातारी झोपडीची टोपलीभर माती मागायला येते, त्या मातीची चूल केली तर पोर जेवेल म्हणून. कथेचा शेवट जमीनदाराच्या पश्चात्तापाचा आहे आणि शाळेत त्याचाच बोध शिकवतात. मला मात्र ती मागणी महत्त्वाची वाटते. म्हातारी जमीन मागत नाही, पैसे मागत नाही. पोराला आपल्या चुलीवरचे अन्न मिळावे एवढेच मागते. दुसऱ्याच्या चुलीवर राबणाऱ्या बाईची स्वतःची चूल कधी पेटते, हा प्रश्न रायपूरच्या एका मराठी लेखकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखला होता.

पैशाने रउताइनीला काय दिले, हे नीट सांगायला हवे. काम सोडण्याचे स्वातंत्र्य दिले. एक घर तुटले तर दुसरे धरता येऊ लागले. मुलीने हेच काम करावे, हे बंधन गेले. ही लहान गोष्ट नाही. जुन्या व्यवस्थेची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो. पण पैशाने एक गोष्ट काढूनही घेतली. काम आता घराचे न राहता एकटीचे झाले, आणि म्हणून तिच्या न येण्याचा भार एकटीवर आला. चार घरे धरलेली बाई आजारी पडली तर चार ठिकाणी फुली पडते. बाळंतपणात काम जाते. तीजेला जायचे तर 'बदली' देऊन जावे लागते, आणि ही बदली बहुधा तिची थोरली मुलगी असते. आई माहेरी गेली की आठ-दहा दिवस मुलगी शाळा सोडून चार घरची भांडी घासते. आईच्या सणाची किंमत मुलीच्या हजेरीपटावर पडते. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली. पण आईच्या जागी आलेल्या मुलीला घरात कोणी 'ठेवलेले' समजत नाही, ती 'मदतीला' आलेली असते.

२००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी. शंकरनगर, देवेंद्रनगरपासून नव्या वसाहतींपर्यंत घरे वाढली, कामे वाढली. त्याच वेळी तळ्यांच्या काठाची किंमतही वाढली. शहरांच्या नूतनीकरणाच्या योजनांतून कितीतरी झोपडवस्त्या शहराच्या कडेला बहुमजली इमारतींत हलवल्या गेल्या. डोक्यावर पक्के छप्पर आले, हे खरे. पण जी बाई सकाळच्या दोन घरांच्या मध्ये तान्ह्या पोराला पाजून परत जाऊ शकत होती, तिला आता एका फेरीला ऑटोचे भाडे लागते. नकाशावरचे अंतर वाढले की आई आणि मूल यांच्यातले अंतरही वाढते, हा हिशेब कोणत्याही पुनर्वसनाच्या कागदावर नसतो.

रजेची भाषा पहिल्यांदा स्पष्ट बोलली गेली ती पुण्यात. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी आपणहून संप केला. एका भागातून सुरू झालेला हा संप वस्त्यावस्त्यांत पसरला. लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्यांत पगारवाढ होती, आणि जोडीने भरपगारी रजा होती. नागपुरात संस्कृतच्या विदुषी डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांनी विदर्भ मोलकरीण संघटना बांधली. छत्तीसगडातून नागपुरात गेलेल्या कुटुंबांतल्या अनेक स्त्रिया घरकामातच आहेत, त्यामुळे तो लढा आमच्याही मुलखाचा आहे. या संघटनांनी केलेली गोष्ट मला भाषेच्या दृष्टीने फार मोठी वाटते. खाड्याला त्यांनी रजा म्हणायला लावले. 'बाईने दांडी मारली' याऐवजी 'बाई रजेवर आहे' हे वाक्य मराठीत शक्य झाले.

त्यानंतर कायदे आले, तुकड्यातुकड्यांनी. कर्नाटकाने २००४ साली घरकामाला किमान वेतन लागू केले. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११ च्या १६ जूनला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला; त्यात आठवड्याला सलग किमान चोवीस तास विश्रांतीचे कलम आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण तो करार देशाला अजून लागू करून घेतलेला नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले. ती महत्त्वाची पायरी होती, कारण 'आमचे घर आहे, कारखाना नव्हे' हे उत्तर तोपर्यंत सगळ्यांच्या ओठावर असे.

त्याच २०१३ साली छत्तीसगडाने खासगी प्लेसमेंट एजन्सींवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. जशपूर, सरगुजाच्या आदिवासी मुलींना दिल्लीला घरकामासाठी नेऊन विकल्यासारखे वागवले जात होते. त्या मुलींसाठी हा कायदा गरजेचा होता आणि आहे. पण त्याची नजर बघण्यासारखी आहे. राज्याबाहेर जाणारी मुलगी त्याला दिसते. राज्यातल्याच खेड्यातून किंवा शेजारच्या ओडिशातून पुरानी बस्तीत आलेली बाई दिसत नाही. ती कोणत्या एजन्सीमार्फत आलेली नसते. तिला शेजारणीने आणलेले असते, जावेने आपले घर दिलेले असते. तिची पिळवणूक तस्करीइतकी ठळक नसते. ती महिनाअखेरच्या वजाबाकीत होते. राज्यात असंघटित कामगारांसाठी कल्याण मंडळ आहे, नोंदणी केली तर काही योजना मिळतात. पण मंडळ सायकल किंवा शिष्यवृत्ती देऊ शकते. रजा मालकानेच द्यावी लागते.

२०१९ साली राज्य सरकारने हरेली आणि तीजा यांना सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. छत्तीसगडी संस्कृतीचा तो मान होता आणि त्याचे स्वागतच झाले. आता तीजेला मंत्रालय बंद असते, शाळा बंद असतात, कारकुनाला पूर्ण पगार मिळतो. हा सण ज्यांचा सर्वांत जास्त आहे त्या स्त्रियांपैकी मोठा वर्ग घरकामात आहे, आणि त्यांना मात्र ही सुट्टी लागू नाही.

जो मोजला जात नाही त्याचे काय होते, ते २०२० च्या टाळेबंदीत दिसले. रायपूरच्या टाटीबंध चौकात पायी आणि ट्रकने जाणाऱ्या मजुरांचे लोंढे आले. शहरातल्या लोकांनी त्यांना जेवण दिले, चपला दिल्या; रायपूरला त्याचा अभिमान वाटावा असेच ते काम होते. त्याच दिवसांत वस्तीतल्या बाईला फोनवर 'सध्या येऊ नकोस' असे सांगितले जात होते. ती रस्त्यावर नव्हती, म्हणून कोणाच्या छायाचित्रात आली नाही. काही घरांनी पगार चालू ठेवला, पुष्कळांनी नाही. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, महाराष्ट्राने नोंदणी झालेल्या घरेलू कामगारांना १५०० रुपये मदत जाहीर केली. रक्कम लहान होती. पण 'नोंदणी झालेल्या' हा शब्द तरी होता. यादी असली की तिच्यातून कोण सुटले हे विचारता येते.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका घरकामगार स्त्रीला घरात कोंडून ठेवल्याच्या आरोपातून आलेले प्रकरण होते. मालकावरचा खटला न्यायालयाने रद्द केला. पण त्याच निकालात घरकामगारांना कायद्याचे पुरेसे संरक्षण नाही हे नमूद करून, स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. संसदेत अशा कायद्याचे पहिले खासगी विधेयक १९५९ सालचे. तेव्हा जन्मलेली मुलगी आज आजी आहे, आणि तिची नात बहुधा कुठेतरी बदलीला जात असेल.

कायदा यायला हवाच. पण या इतिहासातून माझ्यापुरते निघते ते असे, की घरकामाची अट बदलायला घरातला कागदही पुरतो. जुन्या धानाच्या व्यवस्थेत माहेर होते, स्वातंत्र्य नव्हते. पैशाच्या व्यवस्थेत स्वातंत्र्य आले, माहेर गेले. दोन्ही एका हातात देणारी गोष्ट एकच आहे, भरपगारी रजा. महिन्याला ठरलेले दिवस, पोरा ते पंचमी हा आठवडा वेगळा, बाळंतपणात काम राखून ठेवणे, आणि बदली द्यायची सक्ती नाही. पुण्यात हे बायकांनी संप करून मागितले. पुरानी बस्तीत ते मागण्याची वाट न बघता देता येईल. गणपतीच्या दोन दिवसांची भांडी घरातल्या माणसांनी घासावीत. भाद्रपदात अख्खा रायपूर माहेरी आणि गावी जातो, त्यात आमचेही काही काम असावे.

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर टांगताना बाईला विचारून तिचे सण तिच्यावर लिहावेत: तीजा, नुआखाई, छेरछेरा, गावची मंडई. त्या चौकोनांत महिनाअखेर वजाबाकी नको. एवढे झाले तर डिसेंबरात रद्दीत जाणाऱ्या त्या कागदावर दोन घरांचे वर्ष असेल.